याडीचे नवे दात

इकडे ये वं पोरी, जवळ बस. अशी लांब लांब नको. कागदावर लिहितेय म्हणून काय झालं, तू समोर बसली आहेस असं समजूनच लिहिते; मला दुसऱ्या तऱ्हेनं लिहिताच येत नाही. आणि आधी थोडी रागावणार आहे, ते ऐकून घे. परवा लग्नात तुझ्या समोरच्या पंगतीत ते म्हातारेबुवा बसले होते. बुंदीचा लाडू चावताना त्यांची कवळी लाडवात रुतून बाहेर आली आणि तू तोंडाला ओढणी लावून हसलीस. मी पाहिलं. म्हातारेबुवांनीही पाहिलं. मग ताट तसंच ठेवून ते उठले, ते मात्र तू पाहिलं नाहीस.

हसू येतं, मला ठाऊक आहे. आमचा सगळा तांडा एका बाईच्या दातांना हसलेला आहे, आणि त्यात मीही होते. ती बाई तुझ्याच रक्ताची. तुला तिचं नावसुद्धा माहीत नाही, त्याचा राग तुझ्यावर नाही आणि तुझ्या आईवरही नाही. सांगायला मागं कुणी उरलंच नाही, एक मी सोडून. आपल्या बंजाऱ्यांची गोरबोली तुम्हा पोरींना कळत नाही, म्हणून मराठीत सांगते. नीट ऐक.

तिचं नाव जमना. तांड्यातली लहानथोर सगळी तिला याडी म्हणायची. याडी म्हणजे आई. पांढरकवड्याच्या अलीकडे, हैदराबादच्या सडकेवरून हाक मारली तर ऐकू येईल इतक्या जवळ आमचा तांडा होता. आपले जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. माझ्या लहानपणी ते बैल नांगराला लागले होते, आणि सडकेवर ट्रका धावायला लागल्या होत्या. महाराष्ट्र राज्य व्हायच्या आदल्या सालची ही गोष्ट. मी तेव्हा नुकती शहाणी झाले होते. फार बोलायची नाही. आज तुला ते खरं वाटणार नाही, पण याडीनं माझं नाव 'चुपचाप' ठेवलं होतं.

ती कुणालाच खऱ्या नावानं हाक मारायची नाही. तिच्या भावाचा मुलगा धरमू ट्रक चालवायचा, त्याला ती 'भोंगा' म्हणायची. नायकाला, म्हणजे तांड्याच्या मुखियाला, तोंडावर 'घसा' म्हणायची, कारण काहीही ठरवायच्या आधी तो खूप वेळ खाकरायचा. आणि नायक ओ द्यायचा! अंगापेरानं ती मोठी, चालायची तर पायातल्या वाळ्यांचा आवाज आधी यायचा, बाई मागून. दिवसभर कांचळीवर, म्हणजे आपल्या चोळीवर, आरसे नि कवड्या टाचत बसायची, आणि धागा दातानं तोडायची. धरमूनं एकदा बाजारातून कात्री आणून दिली, तर म्हणाली, "कात्री शिंप्याले दे बे भोंग्या. माही माह्या तोंडात हाये." जंगलातून आम्ही पोरं चारोळीच्या बिया आणायचो, त्या ती पटापट दाताखाली फोडून एकेकाच्या हातावर ठेवायची.

पण तिचं खरं नाव झालं होतं ढावल्यासाठी. ढावलो म्हणजे काय ते तुला सांगायला हवं. आपल्यात नवरी सासरी निघते तेव्हा ती एकेकीच्या गळ्यात पडून गाऊन रडते. नुसतं हुंदके देणं नाही. ज्या बाईच्या गळ्यात पडली तिनं आपल्यासाठी काय काय केलं ते ती सुरात सांगते, आणि मग त्या बाईनं तिला उत्तर द्यायचं असतं, तसंच गळ्यात पडून, तसंच सुरात. उत्तर मिळालं की पोर मोकळी होते. नाही मिळालं तर तिचा जीव माहेराच्या उंबऱ्यात अडकून राहतो, असं आमच्या तांड्यात मानायचे. हे सगळं शिकावं लागतं. लग्न ठरलेल्या पोरी आणि त्यांच्या मैत्रिणी दुपारच्या वेळी याडीच्या अंगणात जमायच्या.

"हसू तर बकरीलेही फुटते," याडी म्हणायची, "रडाले शिका लागते." कुणी उगाच भोकाड पसरलं की ती तिच्या पाठीत चापट मारायची. "भेकू नको वं. कोनासाठी रडून राह्यली त्याचं नाव घे. त्यानं तुले काय देल्लं थे सांग. मंग रड."

तिच्याकडं शिकून तांड्यातल्या किती तरी पोरी सासरी गेल्या. ज्यांची आई नव्हती त्यांना आईच्या जागचं उत्तरही याडीच द्यायची. आणि तिच्या स्वतःच्या घरात एक बिनआईची पोर वाढत होती. रतनी. याडीची मुलगी रतनीला मागं ठेवून गेली, तेव्हा रतनी अजून रांगत होती. याडीनंच तिला वाढवलं. ही रतनी म्हणजे तुझी आजी, बाई. माझी जिवाची मैत्रीण.

रतनीला स्थळ आलं ढाणकीकडच्या तांड्यातलं. याडीला ते दूर वाटलं. "मधात किती नद्या हायेत मोज जरा," ती म्हणाली. पण रतनीनं मुलाला पाहिलं होतं आणि तिनं मान हलवली होती. याडी तिच्याशी बरेच दिवस बोलली नाही. जेवण वाढायची, वेणी घालायची, पण बोलायची नाही. मग एक दिवस आपणच म्हणाली, "जा बाई. घसा खाकरून राह्यला, आता काय थांबते लगन." लग्न वैशाखात धरलं. पण तो अबोला रतनीच्या मनात काट्यासारखा मोडून राहिला, हे मला ठाऊक होतं. याडीला ठाऊक होतं का, ते नाही सांगता येत.

तोवर याडीचे दात गेले होते. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, एकेक दात हलायला लागला. दिवाळीनंतर धरमूनं तिला ट्रकमध्ये बसवून यवतमाळला दाताच्या डॉक्टरकडे नेलं, आणि उरलेसुरले सगळे काढून ती परत आली. गाल आत गेले. ज्वारीचं आंबील पिऊन राहायची. आणि दुपारी पोरी जमल्या तर तिच्या तोंडून शब्द कसे यायचे, तर ओल्या फडक्यासारखे. नुसती फडफड. पोरी ओठ चावून हसायच्या. मीही. रतनी हसायची नाही. ती उठून पाणी आणायला जायची.

संक्रांतीच्या सुमाराला धरमूनं नवे दात आणले, पत्र्याच्या डबीत कापसात गुंडाळून. याडीनं ते तोंडात बसवले आणि सगळा तांडा बघायला लोटला. पांढरेशुभ्र, एकसारखे. मिसरी लावून काळे झालेले तिचे दात आम्ही पाहिले होते. हे पाहून वाटलं, ही कुणी दुसरीच बाई आली. "कशे लागून राह्यले?" धरमूनं विचारलं. याडी बराच वेळ जीभ फिरवत राहिली, मग म्हणाली, "काय सांगू बे. माह्या तोंडात परक्याचं बिऱ्हाड उतरलं. घरमालकीन मी, अन मलेच बसाले जागा नाई."

डॉक्टरनं सांगितलं होतं, मऊ खा, दोन्हीकडून चावा, आणि जीभ वळायला हवी म्हणून रोज मोठ्यानं काहीतरी वाचा. "वाच म्हने मले!" याडी म्हणाली. "काय वाचू? बैलाचं तोंड?" पहिले दिवस फार वाईट गेले. हिरडीला फोड यायचे. तोंडात पाणी सुटायचं. भाकर चावली की वरचे दात भाकरीबरोबर खाली यायचे. शिंक आली की ती आधी तोंडावर हात घ्यायची, मग शिंकायची. एकदा हात घ्यायला उशीर झाला आणि दात शेळीच्या पुढ्यात जाऊन पडले, शेळीनं हुंगून मान फिरवली. "पाह्य," याडी म्हणाली, "हिलेही पसंत नाई." त्या वेळी तीही हसली, आम्हीही हसलो.

एक गोष्ट मात्र हसण्याजोगी नव्हती. त्या दातांवर तिचे ओठ मिटायचे नाहीत. आपण बघावं तर ती हसतेय असं वाटावं. शेजारच्या तांड्यात एक तरणा माणूस साप चावून गेला. याडी भेटायला गेली. त्याच्या आईसमोर बसली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खाली सगळे दात दिसत होते. ती आई म्हणाली, "दात दाखवाले आली काय मह्या दारात?" याडी तशीच उठली. त्या दिवसापासून ती घुंगट नाकाखाली ओढून फिरायला लागली. म्हातारी बाई, जिला नायकासमोरही कधी तोंड झाकायची गरज वाटली नव्हती, ती लहान पोरांसमोर तोंड झाकायला लागली.

पण तिनं दात सोडले नाहीत. वैशाख जवळ येत होता. रतनीच्या आईच्या जागचं उत्तर तिलाच द्यायचं होतं, आणि बोळक्या तोंडानं ते देता येत नव्हतं. एवढ्यासाठीच तिनं ते परक्याचं बिऱ्हाड सोसलं. रोज ती शेळ्या घेऊन नाल्याच्या पलीकडं जायची. मी एकदा बोरीमागून ऐकलं. एकच शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. शीळ वाजायची, दात खटकन आपटायचे, ती दात काढायची, बोटानं हिरडी दाबायची, परत घालायची, परत म्हणायची. फाल्गुनात शीळ थांबली. चैत्रात शब्द शब्दाला लागला. मग एका दुपारी तिचा जुना आवाज आला, भरलेला, सगळ्या अक्षरांसकट. मी बोरीमागं रडत बसले. बाई गं, ते अख्खं ढावलो होतं, रतनीचं, आणि तांड्यात ते अजून कुणी ऐकलेलं नव्हतं.

आता धरमूचं ऐक. धरमू वाईट नव्हता, याडीवर जीव टाकायचा. पण ट्रकवाल्यांची जीभ तुला माहीत नाही. सडकेच्या ढाब्यावर कुणीतरी त्याला विचारलं, तुह्या फुईचे दात कशाचे रे? फुई म्हणजे आत्या. हा म्हणाला, "मेलेल्या मान्साचे. मोठ्या दवाखान्यात मुडदे येतेत ना, त्याईचे काढून, धुऊन लावतेत." चार जण हसले, चहा प्याले, आपापल्या वाटेनं गेले. आणि ते बोलणं ट्रकमागून ट्रक करत ढाणकीला पोचलं.

लग्न लागलं. निघायची सकाळ उजाडली. रतनी आत बायकांत नटून बसली होती, बाहेर बैल सजवून उभा होता. याडी दारात येऊन उभी राहिली, घुंगट मागं सारून. कितीतरी दिवसांनी तिचं अख्खं तोंड दिसलं. तेवढ्यात नवऱ्या मुलाची आत्या पुढं झाली.

"हे बाई नवरीच्या गळ्यात नाई पडन," ती म्हणाली. "इच्या तोंडात मुडद्याचे दात हायेत. आमच्या सुनेच्या मानीले सुतक लावता काय?"

धरमू धावत आला. "अवं माय, थट्टा केलती म्या! डॉक्टर साच्यात ओतून बनवते थे. मह्या डोयानं पाह्यलं!"

"तवा खोटा होता का आता खोटा हायेस?" आत्यानं विचारलं.

धरमूनं गळ्याला हात लावून शपथ घेतली. कुणाला पटेना. कसं पटावं? त्या दिवसांत असे दात आमच्यात कुणी पाहिलेच नव्हते. मुडद्याचे नाहीत तर मग कशाचे, हे कुणाला सांगता येईना. नायक खूप वेळ खाकरला. मग म्हणाला, "थट्टा कोनती अन खरं कोनतं, हे आता कोन निवडन? वऱ्हाड उठून जाईन, जमना."

याडीनं आत्याकडं पाहिलं नाही, नायकाकडंही नाही. तिनं दात काढले, धरमूच्या हातात दिले आणि आत गेली.

रतनीला यातलं काही ठाऊक नव्हतं. आत बायकांचा कालवा होता, तिच्या चेहऱ्यावर घुंगट होता. ती याडीच्या गळ्यात पडली आणि तिनं ढावलो सुरू केलं. काय म्हणाली ती! म्हणाली, माझी आई मला आठवत नाही, मला तुझ्या कमरेचा वास आठवतो. म्हणाली, तू माझ्यावर रागावलीस याडी, मी दूरचं घर पसंत केलं, आता जाताना तरी बोल. आणि ती थांबली. आता उत्तर यायला हवं होतं.

याडीनं तोंड उघडलं. वैशाखापर्यंत तिची जीभ त्या नव्या दातांना टेकायला शिकली होती. आता टेकायला काही नव्हतं. आलं ते नुसतं वारं. ना शब्द, ना सूर. तिनं पुन्हा उघडलं. पुन्हा वारं. "याडी, बोल की," रतनी सुरातच म्हणाली. मग सूर सोडून म्हणाली, "बोल ना वं." याडी तिच्या पाठीवर हात मारायला लागली. बायकांना वाटलं समजूत घालतेय. मी जवळ होते, मला कळलं: ती त्या ढावल्याचा ठेका धरत होती. शब्द नव्हते, नुसता ठेका, पाठीवर. बाहेरून आत्या ओरडली, "ऊन चढून राह्यलं!" आणि रतनीला तिच्या गळ्यातून सोडवून नेलं.

नवरीला सजवलेल्या बैलावर उभं करतात, ती दोन्ही हात वर करून तांड्याचा निरोप घेते. रतनीनं घेतला. झाडाचं नाव घेतलं, विहिरीचं घेतलं, माझं घेतलं. याडीचं घेतलं नाही.

धरमू त्यानंतर किती तरी दिवस तांड्यात शिरला नाही. पावसाळा सरल्यावर मात्र तो आपणहून ढाणकीला गेला आणि रतनीच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. परत येऊन याडीला म्हणाला, "रतनी लय रडली. म्हने, समजलं मामा. राग नाई म्हना याडीले. पन माहं उत्तर कुठं हाये?"

"तू नाई सांगतलं?"

"मले कुठं येते वं फुई? ढावलो काय निरोप हाये सांगाले?"

याडी स्वतः जाऊ शकत नव्हती. ज्या घरानं तिच्या तोंडाला सुतक म्हटलं, त्या घरी बोलावण्याशिवाय कशी जाणार? रतनीलाच यायचं होतं. पुढच्या वैशाखात माझं लग्न मुकुटबनकडं ठरलं, त्याला ती येणार होती. याडी दात घालून तयार होती. पण रतनीला दिवस गेले होते, पोट पुढं आलं होतं, सासरच्यांनी बैलगाडीत बसू दिलं नाही.

माझ्या लग्नात याडीला कुणी अडवलं नाही. मी तिच्या गळ्यात पडले, माझं म्हटलं, आणि तिनं उत्तर दिलं. पोरी, तो आवाज! तांड्यातली म्हातारी माणसं खाली बसली. पण पहिल्याच ओळीत तिनं नाव घेतलं ते रतनीचं. बायका कुजबुजल्या, म्हातारी चळली. ती चळली नव्हती. ती ते अख्खं ढावलो माझ्या गळ्यात घालत होती, आणि शेवटी सूर सोडून माझ्या कानात म्हणाली, "चुपचाप, हे तुह्यं नोहे. नेऊन दे तिले."

मी देणार होते. पण नवी नवरी, सासरी लगेच कोण सोडतं? पावसाळ्यात तिचं बाळंतपण झालं आणि त्यातच रतनी गेली. मागं राहिली ती तुझी आई, हातभर.

आता याडीला मी शेवटचं पाहिलं ते सांगते. पुढच्या उन्हाळ्यात मी माहेरी आले होते. धरमूनं ढाणकीच्या लोकांना हातापाया पडून तुझ्या आईला आठवड्यासाठी आणलं होतं, याडीनं एकदा पाहावी म्हणून, सोबत सासरची एक बाई होती. मी गेले तेव्हा पोर याडीच्या मांडीवर होती. मी हळूच विचारलं, "याडी, तुमचं ते उत्तर माह्यापाशीच राह्यलं. आता काय करू त्याचं?"

"राहू दे," ती म्हणाली. "थे काय दूध हाये नासाले?"

तुझ्या आईला तेव्हा दात येत होते, हाताला लागेल ते ती चावायची. तिनं याडीच्या तोंडात हात घातला, वरचे दात ओढून काढले आणि हिरडीवर घासायला लागली. मी सोडवायला गेले तर याडीनं माझा हात बाजूला केला. बोळक्या तोंडानं ती त्या पोरीकडं बघत होती, आणि या खेपेला ती खरोखर हसत होती. तेवढ्यात सडकेवर धरमूनं भोंगा वाजवला. परत न्यायची वेळ झाली होती. याडी पोरीला कमरेवर घेऊन सडकेपर्यंत गेली, तिनंच तिला वर केबिनमध्ये दिलं. ट्रक निघाला. पोरीच्या मुठीत ते दात तसेच होते. मला दिसले, मी ओरडणार होते. याडीनं माझं मनगट धरलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. शब्द ओलाच आला, पण कळला.

धूळ बसेपर्यंत ती सडकेत उभी होती, डोक्यावरचा पदर ढळलेला, तोंड उघडं. मी सासरी परतले. थंडीत ती गेल्याचा निरोप आला.

तुझ्या आईचं लग्न झालं तेव्हा मी गेले होते गं. बँड होता, नाच होता, कुणी ढावलो म्हणू दिलं नाही, जुनं झालं म्हणाले. आता तुझं ठरलं आहे. तुला द्यायचं एक जुनं गाणं माझ्यापाशी आहे म्हटलं, तर तू परवा म्हणालीस, आजी, लिहून पाठवा ना मला ते, मी वाचीन. मी दोन वेळा कागद घेऊन बसले. नाही उतरत. त्याला मान लागते, खांदा लागतो. म्हणून सांगते, हळद लागायच्या आधी एक दिवस ये. एकटी ये. आता नको सांगू सुट्टी नाही म्हणून. माझ्या तोंडात अजून माझे म्हणावेत असे थोडे दात आहेत, श्वासही पुरतो. मी भाकर टाकून ठेवीन. पोरी, लवकर ये.